गुडघ्यातली परक्याची गादी

"उजव्या गुडघ्यात गादीच उरलेली नाही," एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरून पुण्याचे डॉक्टर म्हणाले. माझे मिस्टर गुडघा चोळत होते. मीच विचारलं, "मांडी घालून बसता येईल ना पण?"

हे परभणीजवळ पेडगावात भिक्षुकी करतात. लग्न, वास्तुशांत, श्राद्ध, सगळं जमिनीवर बसून. भिक्षुकाची मांडी गेली म्हणजे राहिलं काय?

काही वर्षांपूर्वी मोटारसायकल चिखलात घसरली, गुडघा पिरगळला आणि आतला मेनिस्कस फाटला. मेनिस्कस म्हणजे मांडीच्या आणि नडगीच्या हाडांमधली गादी. तेव्हा ती काढून टाकली होती. आता गादीवाचून कार्टिलेजही झिजलं होतं. कार्टिलेज म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत अस्तर. एकट्या अस्तराचा उपयोग नाही, गादीशिवाय ते टिकत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. म्हणून दोन्हींचं ट्रान्सप्लांट करायचं. अस्तरासाठी यांच्याच पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवायच्या. गादी मात्र टिश्यू बँकेतून यायची, म्हणजे मेल्यावर कुणीतरी दान केलेली.

"दुखणं कमी होईल, चालणं सुधारेल," डॉक्टर म्हणाले. "मांडीचं वचन मी देत नाही." आम्ही त्यातलं पहिलंच वाक्य घरी आणलं. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली, तर दुसरं वाक्य आधी ऐका.

हे स्मशानातून आले की आंघोळीआधी पाण्याच्या भांड्याला शिवत नाहीत. आता मेलेल्याचंच अंगात घ्यायचं. परतीच्या गाडीत मानवत रोड स्टेशन मागं पडल्यावर म्हणाले, "करून टाकू. इलाजच न्हाई दुसरा."

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर यांनी पहिलं विचारलं ते दात्याचं नाव. "ते सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. पुरुष की बाई, तेही कळलं नाही.

पुढचे महिने वाईट गेले. पायाला पट्टा, काखेत कुबड्या, आणि फिजिओथेरपी म्हणजे रोज थोडा थोडा गुडघा वाकवायचा व्यायाम. देवांना शांत करणारा माणूस माझ्यावर मात्र दिवसभर खेकसायचा. मीही काही कमी खेकसले नाही. हळूहळू कुबड्या सुटल्या. पायऱ्या चढताना कळ येईना. मी देवापुढं साखर ठेवली.

मग पिंगळी गावातली एक वास्तुशांत आली. यजमानांनी समजूतदारपणे यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. पण त्यांची आई पुढं झाली. "महाराज, देव खाली चौरंगावर आन् तुमी खुर्चीवर? देवापरीस उंच बसतेत का कुठं?"

म्हातारी वाईट नव्हती. तिला ते यांनीच, आमच्यासारख्यांनीच शिकवलेलं. मी डोळे वटारले, तरी हे उतरले आणि मांडी घालून बसले. पूजा पुरी सांगितली. उठताना मात्र उठवेना. दोघांनी काखेत धरून गाडीत घातलं.

नव्या एमआरआयमध्ये गादी मागच्या बाजूनं फाटलेली दिसली. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. "अस्तर चांगलं धरलंय," ते म्हणाले. "गादीचा फाटलेला भाग काढू. उरलेली किती वर्षं पुरेल, सांगता येत नाही. मांडी विसरा."

दवाखान्याच्या बाकावर हे रडले. लग्नापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. "परक्यानं दिलेलं मला सांभाळता आलं न्हाई," म्हणाले.

आता हे चालतात, बाजार करतात, रात्री झोप लागते. एवढं या ऑपरेशननंच दिलं, नाकारून चालणार नाही. पण आमंत्रणं कमी झालीत. आम्ही देवाचा चौरंग टेबलावर मांडा म्हणून सांगतो. काही जण मांडतात. बाकीचे बोरी गावच्या महाराजांना बोलावतात. मला त्यांचा राग येतो आणि तो लपवायचं मी सोडून दिलंय.

सर्वपित्री अमावास्येला आमच्या घरी श्राद्ध होतं. हे खुर्चीवर, पिंड खाली दर्भांवर. वाकून वाकून सासूसासऱ्यांचे, आजेसासऱ्यांचे पिंड यांनी ठेवले. शेवटी धर्मपिंड राहिला. ज्याच्याशी आपलं नातं नाही, अशा कुणासाठीही तो देतात. इथं नाव-गोत्र उच्चारताना हे अडले. एरवी यांचं तोंड कधी अडत नाही. गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणायचं, तेवढं म्हणाले. नावाच्या जागी नुसता श्वास सोडला.

मग वाकायला गेले, पण एव्हाना गुडघा आखडला होता, वाकता येईना. दोनदा प्रयत्न केला. बायकांनी पिंडाला हात लावायचा नसतो, हे गावभर सांगत आलेला माणूस. त्यानं तो भाताचा गोळा माझ्यापुढं धरला.

"तूच ठेव," म्हणाले. "लय उपकार हायेत त्याचे."

मी खाली बसले, मांडी घातली, आणि ज्याचं नाव मला कधीच कळणार नाही, त्याच्यासाठी पिंड ठेवला.