स्क्रीनवरची विहीर

पोटावर थंड जेल पडलं आणि वीसेक वर्षांपूर्वीची नवघरमधली ती अंधारी सोनोग्राफीची खोली आठवली. बाबांच्या प्रोस्टेटमधली पाण्याची गाठ स्क्रीनवर काळीभोर, गोल दिसत होती. डॉक्टर म्हणाले, "त्रास नसता तर नुसतं लक्ष ठेवलं असतं. पण लघवी अडतेय, तर सुईने पाणी काढू. पुन्हा भरलं तर दुर्बिणीतून ऑपरेशन." बाबा एकटक बघत पुटपुटले, "ही आपली गावची विहीर. उपसण्याआधी राखणदाराला नारळ ठेवा." डॉक्टर हसले. सुई आत गेली आणि ते काळं वर्तुळ हळूहळू मिटलं. संध्याकाळी गावाहून काकांचा फोन आला, "भर श्रावणात विहीर कोरडी पडली रे!" आज माझ्या स्क्रीनवर तेच वर्तुळ आहे. डॉक्टर सुईसाठी तारीख विचारतायत. मी म्हटलं, "आधी गावी नारळ ठेवून येतो."