जयम्माचा रविवार: बंगळुरूची दुसरी फेरी

आधी चुकीची दुरुस्ती. जूनच्या लेखात मी लिहिलं होतं की मारतहळ्ळीच्या पुढच्या त्या ख्रिस्ती प्रशिक्षण केंद्रात 'शिबिराला आलेले लोक सगळा कचरा स्वतःच वेगळा करतात'. हे खरं नाही. मी तिथे तीन रंगांच्या बादल्या पाहिल्या, त्यांच्यावर रंगवलेली वचनं पाहिली आणि बाकीचं मनानेच लिहून टाकलं. तो लेख वाचून चार जणींनी तिथे नाव नोंदवलं. त्यातल्या एकीने विचारलं, "ताई, बादल्या भरल्या की पुढे काय?" बादल्यांच्या पुढे मी गेलेच नव्हते.

चौथीपर्यंत माझी शाळा घरातच झाली. बाबा गावोगाव फिरणारे प्रचारक, त्यामुळे आईच शिकवायची. न पाहिलेलं लिहिलं की ती सरळ पान फाडायची. त्या प्रश्नानंतर तिसऱ्या दिवशी मी तिकीट काढलं.

नव्या वाचकांसाठी थोडं: मी बेळगावच्या एका मराठी चर्चच्या मंडळीत शब्बाथशाळा घेते, म्हणजे रविवारी मुलांना पवित्र शास्त्र शिकवते. न्याय आणि निसर्ग हे विषय शास्त्रातून कसे शिकवायचे, याची शिबिरं हे केंद्र घेतं. पाठ उत्तम आहेत, हे मी आजही म्हणेन. शेताच्या कडेचं पीक गरिबांसाठी सोडा, सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्या, हे मुलांना किती सोपं करून सांगता येतं ते मी तिथेच शिकले.

बेळगावहून रात्रीची गाडी सकाळी बंगळुरूला पोचते. स्टेशनबाहेरच मॅजेस्टिकची मेट्रो आहे. जांभळ्या मार्गाने कुंडलहळ्ळीला उतरा. तिथून ऑटोवाले तोंडाला येईल तो आकडा सांगतात, त्यापेक्षा साधी बस बरी. कर्नाटकातला पत्ता असलेलं आधार दाखवलं की बायकांना तिकीट पडत नाही. एसी बसमध्ये मात्र ही सवलत नाही. थांब्यासमोरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्याने इडली-वडा आणि कॉफी घ्या, केंद्रातला नाश्ता बेचव असतो.

मी पोचले तो रविवार होता, शिबिराचा शेवटचा दिवस. समारोपाला सृष्टीची काळजी यावर सुंदर संदेश झाला आणि मग प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी. साथीच्या काळापासून बहुतेक मंडळ्यांनी धरलेला रिवाज इथेही होता: द्राक्षरस प्लॅस्टिकच्या इवल्याशा पेल्यांत, एकदा प्यायचा आणि टाकायचा. संदेशावर सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं आणि पेले बादलीत टाकले. मीही टाकला.

या वेळी मी बादल्यांच्या मागे गेले. स्वयंपाकघरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे एक बाई तिन्ही बादल्या एकाच ताडपत्रीवर ओतत होती. नाव जयम्मा.

"बेळगावची? मग कन्नड येत असेल. सरी, बरं, बस," ती म्हणाली. "पण साडी सांभाळ, अक्का. हिरव्या बादलीत प्लॅस्टिक, निळ्या बादलीत सांबार. रंग मात्र फार छान दिलेत."

मी विचारलं, "सगळं तुम्हीच वेगळं करता?"

"मग काय, बादल्या करतात?"

तिने चार पेले एकमेकांना चिकटलेले उचलून दाखवले. "हे बघ. मुंग्या लागतात. भंगारवाला घेत नाही. तरी एकेक वेचावा लागतो, नाहीतर बाकीचा माल पण तो परत करतो. कशाला हवेत एवढे?"

प्रभूच्या मेजावर सगळे सारखे, म्हणून प्रत्येकाला एक, असं मी सांगायला लागले.

"मला माहीत आहे गं," ती म्हणाली. "माझा पण बाप्तिस्मा झालाय. पण शिबिर संपतं रविवारी, कचरा येतो रविवारी. माझं चर्च पण रविवारीच असतं. सांग, कुठे जाऊ?"

मी तिच्याशेजारी बसून पेले वेचले. ती हसली, "स्वल्प हळू. तू तर परीक्षेला बसल्यासारखी करतेस."

नंतर मी केंद्राच्या समन्वयकांना भेटले. ते माझ्याशी फार चांगलं बोलले. "सिस्टर, तुमचा लेख वाचून लोक येतात. आता कशाला बदलता? जयम्माला आम्ही पगार देतो."

"पगार देता आणि रविवार घेता," मी म्हणाले. जूनचा लेख मी तिथल्याच एका बाकावर बसून मोबाइलवरून दुरुस्त केला आणि चौघींना कळवलं: शिबिराला जरूर जा, पण ती शेड आधी बघा आणि तिथे प्रश्न विचारा.

दुसऱ्या दिवशी मेट्रोने चिकपेट. बेळगावच्या आमच्या मंडळीतही प्लॅस्टिकचेच पेले आहेत आणि जुने काचेचे केव्हाच फुटले. भांड्यांच्या गल्लीत एका दुकानदाराने माझं मराठी ऐकून तोंड भरून स्वागत केलं. त्यांचं मराठी घराणं इथे कित्येक पिढ्यांचं.

"एवढा बारीक ग्लास? काय पिणार अक्का, औषध?"

"आमच्या चर्चमध्ये लागतात. प्रभुभोजनाला."

"म्हंजे तीर्थ! आम्ही ते हातावर घेतो, धुवायला हातच." मग त्यांनी वरच्या फळीवरून स्टीलचे पेले काढले. "हे न्या. तुमची नातवंडं पण ह्यातच पितील."

दीडशे पेले घेतले. ओझं बरंच होतं, कुलीने एका हाताने उचललं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

घरी आल्यावर पाळकसाहेबांना पेले दाखवले. ते म्हणाले, "कमिटीत मांडू. नाताळानंतर." कमिटीचे चिटणीस स्पष्टच बोलले: "धुणार कोण? आणि असा हट्ट करायचा असेल तर शब्बाथशाळा दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल." सात वर्षं मी तो वर्ग घेतेय. माझ्या हातून नीट होणारं ते एकच काम आहे, असं मला नेहमी वाटतं. ते जाईल याची भीती आहे.

पण गेल्या रविवारी मी प्रभुभोजनाच्या वेळी मागे वळून पाहिलं. आमच्याकडे पेले गोळा करतात त्या हौसाबाई, आमच्याच मंडळीच्या सभासद, दाराबाहेर झाडू घेऊन उभ्या होत्या. लोक उठले की लगेच आत यावं लागतं म्हणून. सात वर्षं मी मुलांना न्याय शिकवला आणि त्या कुठे उभ्या असतात ते पाहिलं नव्हतं.

कमिटीची वाट मी बघणार नाही. पाळकसाहेबांना तसं लिहून दिलं आहे, चोरून काही करायचं नाही. हौसाबाईंना आत बसाल का विचारलं, त्या म्हणाल्या, "तू धुणार असलीस तर मी बसते, बाई." पुढचं प्रभुभोजन येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आहे. उपासनेआधी स्टीलचे पेले मेजावर मांडेन, हौसाबाईंना माझ्या शेजारी बसवेन आणि नंतर अंगणातल्या नळावर पेले स्वतः धुईन. कमिटीला वर्ग काढून घ्यायचा असेल तर तिथेच, मुलांसमोर घ्यावा. तो दिवस रविवार, ४ ऑक्टोबर.