हात ठेवण्याचा अधिकार

माझे वडील वडील नव्हते. हे वाक्य मम्मीने एकदा फोनवर नगरच्या आत्याला ऐकवलं, तेव्हा आत्या किंचाळली, "अगं बया, मग ही पोरगी कुणाची?"

त्याचं असं आहे. पप्पा, म्हणजे रूपेश पाटोळे, सौदी अरेबियात जिझानच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायचे. मम्मी, अर्चना, तिथेच मेडिकल वॉर्डात सिस्टर. इकडे येण्याआधी हैदराबादला नोकरीला असताना दोघांनी मॉर्मन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. या चर्चमध्ये पगारी पाळक नसतो. साध्या नोकरदार पुरुषांनाच पदं देतात आणि प्रत्येक पदाचं काम ठरलेलं असतं. डीकनने पवित्र भाकर आणि पाणी वाटायचं. शिक्षकाने ते मांडायचं, घरोघरी जाऊन विचारपूस करायची. याजकाने त्यावर प्रार्थना म्हणायची, बाप्तिस्मा द्यायचा. त्याच्या वरचा तो एल्डर, आणि आमच्या मराठी बायबलात एल्डरला म्हणतात वडील. आजाऱ्याच्या डोक्याला तेल लावून आशीर्वाद द्यायचा अधिकार वडिलाचा, त्याच्या खालच्या कुणाचाच नाही.

पप्पा याजकावर अडकले होते. चहामुळे.

आमच्यात चहा-कॉफी वर्ज्य. वडील व्हायचं तर अध्यक्षांना मुलाखत द्यावी लागते. अध्यक्ष दुसऱ्या देशात, लॅपटॉपवर, अमेरिकन नाकातून बोलणारे.

"ब्रदर पटोली, टी? कॉफी?"

"कॉफी नो, सर. टी... ओन्ली मॉर्निंग, सर."

"हर्बल टी, ब्रदर?"

"नो, सर. विथ मिल्क, सर."

लॅपटॉपने कागदावर काहीतरी खरडलं. मग म्हणाला, "लेट्स टॉक अगेन, ब्रदर."

मम्मीने कपाळावर हात मारला. "अरे, सोडला म्हणून सांगायचं ना!"

"देवाच्या माणसाशी खोटं बोलू?"

"मग खरंच सोड."

"सोडणारच आहे. जरा वातावरण बघून."

वातावरण काही जमलं नाही. पप्पांचं मात्र सगळं जागच्या जागी असायचं. खात्यात जसं निर्जंतुक ट्रेकडे कुणी बोट नेलं की ते ओरडायचे, "हात लावू नका, टच नही करने का, ला तल्मिस!" तसंच धर्मातही. मला पदं शिकवताना बोटांवर मोजायचे. "याजक. भाकर-पाणी, हो. बाप्तिस्मा, हो. हात ठेवणे, नाही." इंग्रजी पुस्तकात त्या विधीला भलंमोठं नाव आहे. पप्पांनी त्याचं आपल्यापुरतं मराठी केलं होतं, हात ठेवणे. सुटसुटीत. लक्षात राहणारं.

आमच्याकडे वडील एकच, ब्रदर देवदानम. राजमंड्रीचा, एक्स-रे काढायचा, हिंदी हैदराबादची. दर शुक्रवारी आमच्या हॉलमध्ये पडदे ओढून, गाणी पुटपुटल्यासारखी म्हणून आमची सभा व्हायची. देवदानम प्रत्येक वेळी जाताना पप्पांना म्हणायचा, "क्या जी पाटोळे ब्रदर, कित्ते बार बोला मैं आपकू, चाय छोड दो बोलके. कल कू मेरी बदली हुई तो इधर तेल कौन लगाता?"

आणि त्याची बदली झाली. जेद्दाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मम्मीला डेंग्यू झाला. पहिले काही दिवस ती स्वतःच स्वतःची सिस्टर होती. मला म्हणायची, "ताप आहे, उतरेल. तू सबमिशन पूर्ण कर." मग प्लेटलेट्स कोसळल्या आणि ती स्वतःच्याच वॉर्डात पेशंट झाली. हिरड्यांतून रक्त यायला लागलं. वॉर्डातल्या मैत्रिणी हसून बोलायच्या आणि बाहेर जाऊन हळू आवाजात बोलायच्या. मम्मीला ते दोन्ही आवाज माहीत होते. तिने स्वतः ते अनेकांसाठी काढले होते.

"रूपेश, मला आशीर्वाद पाहिजे," ती म्हणाली. "चांगलं काही दिसत नाहीये मला."

पप्पांनी तिथूनच देवदानमला फोन लावला. "फोन पे आशीर्वाद चलता क्या, ब्रदर?"

"नै चलता, ब्रदर. सर पे हाथ रखना पडता ना. ठैरो, मैं छुट्टी मांगता. फ्लाइट नै मिली तो गाडी लेके निकलता."

फ्लाइट मिळाली नाही. जेद्दाहून जिझान म्हणजे समुद्राकाठचा दिवसभराचा रस्ता.

"तो येईल तेव्हा येईल," मम्मी म्हणाली. "तोवर तू ठेव."

"मी याजक आहे, अर्चना."

"तू माझा नवरा आहेस."

"नवरा हे पद नाहीये त्यात."

मम्मी हसली. दात लाल दिसले. "एवढा एक हात, रूपेश. कुणाला सांगू नकोस म्हणजे झालं."

"देवाला?"

"त्याला मी सांगते. मीच आधी पोचतेय बहुतेक."

"असलं काही बोलू नकोस," पप्पा म्हणाले आणि पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले. जणू जवळ राहिलं तर हात आपोआप उठेल.

तेवढ्यात शेजारची मुन्नी खाला आली. रत्नागिरीची, तिच्या नवऱ्याचं मसाल्याचं दुकान. आल्या आल्या तिने पिशवी खुर्चीत टाकली, तळहात मम्मीच्या कपाळावर ठेवला आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी वाचून तिच्या चेहऱ्यावर हलकेच फुंकर घातली. कुणाला विचारलं नाही, कसली परवानगी नाही. मम्मीने डोळे मिटले. कपाळावरची आठी सैल झाली.

"बरी होशील गो. अल्ला हाय," खाला म्हणाली. मग पप्पांकडे वळली. "रूपेशभाव, तुमी पन वाचा ना कायतरी तुमचा."

पप्पांनी पायथ्याशीच डोळे मिटून, हात घट्ट जोडून प्रार्थना केली. चांगली केली. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"बघ मुन्नी," मम्मी डोळे न उघडता म्हणाली. "लांबून देतोय. पार्सल."

खाला हसली. मी हसले. पप्पासुद्धा थोडेसे हसले. आमच्या घरातलं ते शेवटचं हसू.

दुपारी तिचं ब्लड प्रेशर खाली गेलं आणि तिला आयसीयूत नेलं. आत एकालाच सोडत होते. पप्पा निळा गाऊन घालून गेले, मी काचेला नाक लावून बाहेर. देवदानमचे फोन मला येत होते. "अवंती बेटा, अल-लिथ पार हुआ." मग, "कुनफुदा आ रा, बेटा. अम्मा कू बोलो, हिम्मत रखना बोलके." मी काचेवर टकटक करून पप्पांना खुणेने सांगायचे आणि ते वाकून मम्मीला.

काचेतून आवाज येत नाही. दिसलं ते एवढंच. मम्मीने पप्पांचं मनगट धरलं आणि त्यांचा हात वर ओढायला लागली. तिच्यात ताकद कुठली होती, पण ओढत होती. हात पोटावरून वर आला, खांद्यापर्यंत आला. तिथे पप्पांनी तो थांबवला. हळूच, निर्जंतुक हत्यार ट्रेमध्ये ठेवावं तसा तिच्या बोटांतून सोडवून घेतला आणि दाराकडे बोट दाखवलं. येतोय तो, आलाच. मम्मी काहीतरी बोलली आणि तिने मान दुसरीकडे वळवली.

काय म्हणाली ते पप्पांनी नंतर सांगितलं. "राहू दे, म्हणाली."

देवदानम पोचला तेव्हा मशीन बंद करून झालं होतं. तो पार्किंगमध्ये गाडीतून उतरला, शर्ट पाठीला चिकटलेला, किल्लीच्या जुडग्याला तेलाची चिमुकली बाटली लोंबत होती. माझा चेहरा बघूनच त्याला कळलं. त्याने पप्पांना मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही.

मग म्हणाला, "आप थे ना पास? सर पे हाथ रखके प्रेयर करे ना?"

"हात?" पप्पा मागे सरकले. "मैं कैसे रखेगा? मैं तो याजक है. हात ठेवणे मना है."

"तेल मना है, ब्रदर. ऊपर वाले अधिकार से बोलना मना है. हाथ मना है बोलके कौन बोला आपकू?"

"तुम बोला. फोन पे. हाथ रखना पडता, बोला."

"वो तो मेरा बोला मैं, मेरा! विधि का!" देवदानमचा आवाज चिरकला. "अपनी वाइफ के सर पे हाथ रखने कू कौनसा पद होना जी?"

पप्पांनी ते पुन्हा विचारलं. खात्यात अनोळखी मशीनची सूचना समजून घ्यावी तसं, तुकडे पाडून.

"सर पे?"

"हां, ब्रदर."

"तेल के बिना?"

"हां."

"अधिकार का नहीं बोला, सिर्फ हाथ रखा, तो चलता था?"

देवदानमने मान डोलावली. त्याला आता रडू आवरत नव्हतं. पप्पा रडले नाहीत. त्यांनी गाऊनची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

शवागाराचा माणूस, अली, आम्हाला बोलवायला आला. ओळख पटवायची होती. आत थंडी होती आणि एक ट्यूब फडफडत होती. अलीने चादर गळ्यापर्यंत खाली घेतली आणि विचारलं, "जौजा?" बायको?

पप्पांनी मान डोलावली. मम्मीचे केस कुणीतरी नीट मागे सारले होते. वॉर्डातल्याच कुणीतरी.

"रखो ना, ब्रदर," देवदानम कुजबुजला.

पप्पा त्याच्याकडे वळले. "अब रखा तो चलता क्या?"

देवदानमने तोंड उघडलं. इतक्या शुक्रवारांत पप्पांच्या एकाही प्रश्नाला तो अडला नव्हता. "मालूम नै, ब्रदर," तो म्हणाला. "मेरेकू सच्ची मालूम नै."

पप्पा थांबले. त्याला आठवेल म्हणून थांबले. अली एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. त्याने भिंतीकडे बघितलं, घसा खाकरला.

"खलास?" त्याने विचारलं.

पप्पा म्हणाले, "खलास."

अलीने चादर वर ओढली.