वैशाखात आईकडे बर्फ नेताना

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाडीतल्या आमच्या टिनाच्या खोलीवर निरोप आला की आईचं तोंड आलंय, घशाखाली काही उतरत नाही, सारखा बर्फ मागते. तिचं गाव सावनेरच्या पुढे, तिथे वीजच नव्हती, बर्फ कुठला? मी ठरवलं, बर्फ आईच्या तोंडात पडलाच पाहिजे.

तुम्हालाही कधी असा बर्फ न्यायचा झाला तर चुरा घेऊ नका, अख्खा तुकडा घ्या. लाकूड कापायच्या आरामशीनवरून कोरडा भुसा आणा आणि डब्यात बर्फाभोवती सैलच भरा. नवी पिंजलेली रजई ऊब धरते, दबलेली धरत नाही, तसंच हे. भुशाच्या फटींत अडकलेली हवाच उन्हाला आत येऊ देत नाही. आमचे हे ठासून भरत होते, मी हात धरला.

सकाळची पहिली एसटी पकडा आणि डावीकडे बसा, ऊन उजवीकडून येतं. कोराडीला कोळशाच्या ट्रकांमागे गाडी रखडली, नाकातोंडात तिथल्या वीजघराची राख गेली. पुढच्या थांब्यावर मी आलुबोंडे आणायला उतरले. दोघांचं चहापाणी रुपयात झालं. परत येते तो हे भुशावर लोटाभर पाणी ओतून मोकळे!

"अहो, पाणी काहून टाकून राहिले?"

"काहून वं? माठाले ओलं पोतं गुंडाळतो, खिडकीतल्या खसाच्या ताटीवर पाणी मारतो. हात लावून पाह्य, डबा कसा गार लागून राहिला!"

"आतला गारवा बाहेर येऊन राहिला, म्हणून गार लागते! हवेच्या जागेत पाणी भरलं तुम्ही!"

मला रडूच कोसळलं. पण डोळे पुसून ओला भुसा उपसला. यांनी तो गमछ्यात बांधला. टपरीमागे कुटाराची, म्हणजे गुरांच्या सुक्या भुसकटाची, बैलगाडी उभी होती.

"दादा, कोरडं कुटार देता का? मायले बर्फ न्यायचा आहे."

"ने ना वं बाई, बैलं काही बोलत नाहीत."

कंडक्टर घंटी मारत होता. हे दारातच अडून उभे राहिले. मी कुटार सैल भरलं आणि गाडीत चढले.

गावात डबा उघडला तर नारळाएवढा बर्फ शिल्लक होता. आईनं खडा गालात धरला, डोळे मिटले. मग घोटभर पेजही प्याली.

"उद्या बी आणशीन का वं?"

मी यांच्याकडे पाहिलंच नाही. एसटीत परत येतानाही बोलले नाही.

त्या प्रवासाचं आज काय आठवतं म्हणाल, तर घरी आल्यावरचं. संध्याकाळी बाहेर आले, तर हे शिडीवर चढून गमछ्यातला भुसा छपरावर पसरत होते.

"टिन अजून तापून राहिलं," खाली न बघताच म्हणाले, "लवकर वाळन. मायनं उद्याचं विचारलं ना."