ओट्याला केलेली इस्त्री

आमच्या गोंदियाजवळच्या कुडव्यात लोकांच्या घरासमोर सिमेंटचा ओटा असतो. आमच्या घरासमोर सागवानाचा आहे, आणि ही चूक संपूर्णपणे माझी आहे.

झालं असं, की सालेकशाला माझ्या सासऱ्यांनी जुन्या घराचा माळा उतरवला. फळ्या अशा, की हत्तीने उडी मारली तर हत्तीचाच पाय मोडावा! त्या मी मागून आणल्या आणि मोबाइलवर बघून बघून अंगणात लाकडी ओटा ठोकला. (व्हिडिओतला माणूस त्याला ‘डेक’ म्हणत होता. त्याच्याकडे पाऊस पडत नसावा.) दोन पावसाळ्यांत ओट्यावर एवढं शेवाळ चढलं, की म्हशीने चारा समजून जीभ लावावी. आणि ऐन थंडीत, सकाळच्या दवात, बायको ताकाने भरलेल्या गंजासकट, म्हणजे पातेल्यासकट, त्यावरून घसरली.

“आता बस झालं जी!” रेखाने जाहीर केलं. “रविवारी बाबा येऊन राहिले. फळ्या त्याईच्या हायेत. त्याईनं पाहून पास केला तं राहू द्या तुमचा ओटा. नाई तं सोमवारी टाइल्सवाला येते.”

“पास काऊन नाई करणार? मेरिटमध्ये आणतो!” मी म्हणालो. माझ्या हातात सहा दिवस होते आणि डोक्यात काहीही नव्हतं.

पहिले दोन दिवस खराटा आणि धुण्याचा सोडा. माझे गुडघे सोलले, शेवाळ जागच्या जागी. शेजारचे कटरेकाका कुंपणावर हात टेकून उभे.

“काऊन भाऊ, ओटा धुऊन राहिले का म्हैस?”

“म्हैस असती तर केव्हाच धुऊन झाली असती, काका!”

बुधवारी मी गाड्या धुणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून पाण्याचं प्रेशर मशीन आणलं. खटका दाबला. फवारा फळ्यांच्या फटीतून खाली गेला, दोन वर्षांचा चिखल घेऊन वर आला आणि भिंत, खिडकी, रेखाची वाळत घातलेली साडी, कटरेकाका असं क्रमाने रंगवत गेला. पण ओटा? ओटा नव्या नवरीसारखा निघाला! (काका दोन बादल्यांत निघाले.)

मग दोन दिवस ऊन दाखवलं, पॉलिश पेपर मारला आणि शनिवारी लाकडाला लावायचं तेल बघायला गोंदियाच्या बाजारात गेलो. दुकानदार म्हणाला, “भैया, अलसी का तेल ले जाओ। पतला हाथ मारना, फिर सूखने देना।”

मी मनातल्या मनात हसलो. घरात सासूबाईंनी पाठवलेला टोरीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलाचा अख्खा पिपा पडला होता. सागवान सालेकशाचं, तेल सालेकशाचं, जावई सालेकशाचा! मध्ये ही अळशी कशाला? भर दुपारच्या उन्हात पिपा पालथा केला. पातळ हात वगैरे काही नाही. गावजेवण उठेल एवढं तेल! लाकूड असं चमकलं, की मी त्यात बघून मिशी कातरली.

रविवारी सकाळी दार उघडलं आणि ओटा गायब! त्याच्या जागी पांढरट-पिवळा, बोटभर जाडीचा थर. टोरीचं तेल थंडीत डालड्यासारखं थिजतं, हे आमच्या भागात लहान लेकरालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं. फक्त ते पिप्यातच थिजतं, असा माझा समज होता.

पण हार मानली तर मी कसला! गरम पाणी ओतलं. थर वितळला, दोन हात पुढे सरकला आणि तिथे पुन्हा बसला. मग मी घरातून लांब वायर ओढून कपड्यांची इस्त्री आणली. खाली जुना टॉवेल, वर इस्त्री, आणि एकेक फळी!

“भाऊ,” कुंपणावरून काका म्हणाले, “ओट्याले प्रेस करून राहिले? लग्नाले नेता का काय त्याले?”

“काका, मधात बोलू नका, घडी मोडते!”

चौदापैकी पाचव्या फळीवर होतो आणि फाटक वाजलं. सासरे! पांढरंशुभ्र धोतर, ओट्याकडे येणारी पावलं...

“मामाजी, थांबा! पाय ठेवू नका!” म्हणत मी उठलो. म्हणजे, उठायला निघालो. पाय कटरेकाकांच्या दिशेने गेले, डोकं सालेकशाकडे, आणि उरलेल्या नऊ फळ्या पोटावर पार करून मी थेट सासऱ्यांच्या चपलांपाशी थांबलो. दोन्ही हात पुढे!

“अजी जवाईबापू,” मामाजी गहिवरले, “पाया पडाले एवढी घाई कायले?”

मग त्यांनी वाकून थरावर बोट फिरवलं, वास घेतला. “टोरीचं तेल व्हय हे!” रेखाकडून उलथणं मागवलं, सपासप खरडून एक डबा भरला (“ठेव वो पोरी, पायाच्या भेगाले होते”) आणि खाली निघालेल्या फळीवर टकटक वाजवलं. मी पडल्या पडल्या मान वर करून बघितलं. माझी सहा दिवसांची मेहनत त्या टकटकीवर टांगलेली!

“मंग बाबा?” रेखाने विचारलं. “टाइल्सवाल्याले बोलावू का?”

“कायले वो? फळ्या एक नंबर हायेत. पन्नास वर्षं हालत नाईत.” मग त्यांनी माझ्या तुपकट पोटाकडे बघितलं, धूर सोडणाऱ्या टॉवेलवरच्या इस्त्रीकडे बघितलं आणि उसासा सोडला. “आता बदलवाचंच असन काई, तं...”

वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. जावयाचा मान म्हणून!

सोमवारी टाइल्सवाल्याला नको म्हणून कळवलं. ओटा कायम झाला. मी मात्र अजून प्रोबेशनवर आहे!