झोपलेल्याची बंडी

मोटारसायकलवरून शाळेत शिकवायला जाताना अकोटच्या चौकातला तो पानठेलेवाला मला रोज अडकवायचा. कापसाने भरलेल्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, यायच्या. गाडीवान वर कापसावर झोपलेला, बैल आपले चालत असायचे. पण चौकात आले की बंद पडलेल्या जुन्या जिनिंग कारखान्याकडेच सवयीने वळायचे. मग हा चुन्याने पांढरा झालेला हात दाखवून आम्हा सगळ्यांना थांबवायचा आणि वेसण धरून बंडी सावकाश नव्या जिनिंगच्या रस्त्याला लावायचा.

एकदा मी वैतागलोच. हॉर्न दाबून धरत म्हटलं, "अरे बाबा, त्याले उठव ना. बंडी तुही हाय का त्याची?"

"झोपू द्या, गुरुजी," तो म्हणाला. "घरी त्याले झोप येत नाई."

मी हॉर्नवरचा अंगठा काढला. मागचा जीपवाला वाजवतच होता. मी वळून त्याच्यावरच खेकसलो.