गायकवाड गुरुजींची सर्दी

मास्तर लोक जमले की किस्से निघतातच. हसनाबादकडच्या आमच्या शाळेत सत्तरच्या दशकात जे किस्से जमले, ते सगळे एकाच माणसाचे. पहिलीच्या वर्गाचे गायकवाड गुरुजी. दर हिवाळ्यात त्यांना सर्दी-ताप व्हायचा, आणि जाताना तो काहीतरी घेऊन जायचा.

पहिल्या वर्षी सर्दी बरी झाली आणि वर्गातली पोरं नाक धरून बसायला लागली. गुरुजींना वाटलं, चेष्टा करतात. तीन दिवस त्यांनी पोरांना उभं केलं. चौथ्या दिवशी शिपायानं कपाटामागून मेलेला उंदीर काढला. गुरुजींनी वाकून श्वास ओढला आणि मटकन खुर्चीत बसले.

"मला बिलकुल वास येत न्हाई," म्हणाले.

पुढच्या वर्षी तोंड वाकडं झालं. उजवा डोळा मिटेना, ओठ जुळेनात. तरी रजा घेतली नाही. ते पाटीला 'फाटी' म्हणायचे, पोरंही 'फाटी' म्हणायची. तपासणीला साहेब आले.

"या गावची बोलीच अशी आहे का?"

मी शेजारच्या वर्गाचा मास्तर, म्हणालो, "न्हाई साहेब, सर्दीची हाय."

हसलं कोणीच नाही. गुरुजी फळा पुसत राहिले.

तिसऱ्या वर्षी सर्दी जाऊन आठ दिवस झाले होते. पायाला मुंग्या येत होत्या. एके सकाळी चप्पल वाटेत निसटली, ते त्यांना शाळेत आल्यावर कळलं. दुपारी खुर्चीतून उठताच येईना. आम्ही खुर्चीसकट उचलून बैलगाडीत घातलं, भोकरदनला एसटी धरली आणि औरंगाबाद गाठलं. तोवर हातही गळाले होते.

त्यांच्या बायकोनं, शांताबाईंनी, डॉक्टरांना विचारलं, "सर्दी नाकाला झाल्ती, मंग पाय कसे गेले?"

"आजाराशी लढता लढता शरीर स्वतःच्याच नसांवर उलटलं, बाई. छातीपर्यंत चढलं तर श्वास बंद होईल."

शांताबाई नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "त्याला सांगा ना, हे घरचंच माणूस हाय."

छातीच्या खाली थांबलं. घरी यायला चार महिने लागले.

वर्षभरानं गुरुजी काठी टेकत वर्गावर आले. वास आला नाही तो नाहीच, तोंड बरंचसं सरळ झालं होतं. हिवाळा लागला. एक दिवस मी शेजारच्या वर्गात होतो. मधल्या दारातून गुरुजी शिंकलेले ऐकू आले, आणि पाढे म्हणणारी पहिली एकदम गप्प झाली.

मी डोकावलो. सगळी पोरं गुरुजींच्या पायांकडं बघत होती. गुरुजीही बघत होते.

त्यांनी चप्पल काढली. थोडा वेळ गेला. मग अंगठा हलला.

"हालतंय," गुरुजी म्हणाले. "म्हणा पुढं. बे त्रिक?"